लग्नाचा दाखला आणि त्यावरील कायद्याचे नाव

‘रजिस्टर लग्न’ आणि ‘लग्न रजिस्टर करणे’ हे दोन शब्दप्रयोग मराठी घरांत एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मुळातच फरक आहे. पहिल्यात शासनाने नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लागते, म्हणजे त्या दालनात शिरताना अविवाहित असलेले दोघे बाहेर पडताना पती-पत्नी असतात. दुसऱ्यात लग्न आधीच मांडवात, विहारात, मशिदीत किंवा घरच्या ओसरीवर लागलेले असते आणि अधिकारी केवळ घडून गेलेल्या गोष्टीची नोंद घेतो. दोन्ही प्रसंगी हाती येणाऱ्या कागदाला लोक ‘मॅरेज सर्टिफिकेट’ म्हणतात, दोहोंवर सही-शिक्का असतो, आणि त्यामुळे आपल्या कपाटातील कागद नेमका कोणत्या प्रकारचा आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ती करण्याची वेळ येते तेव्हा बहुधा वारसाचा वाद, घटस्फोटाचा अर्ज किंवा परदेशातील वकिलातीची खिडकी समोर असते. दाखल्यावर ‘अमुक अधिनियमान्वये’ असे शब्द छापलेले असतात. त्या दाखल्याचे वजन किती आणि त्याचा उपयोग कोठवर, हे त्या शब्दांवरून ठरते.

महाराष्ट्रातील बहुसंख्य दांपत्यांकडे असलेला दाखला ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८’ या कायद्याखालील असतो. नावातील ‘विवाह मंडळे’ म्हणजे वधू-वर सूचक केंद्रे. त्यांच्यावर देखरेख ठेवणे आणि विवाहांची नोंद करणे ही दोन निराळी कामे एकाच कायद्यात घातली गेल्यामुळे हे नाव वाचून सामान्य माणूस गोंधळतो, त्यात त्याचा दोष नाही. त्याआधी मुंबई विवाह नोंदणी अधिनियम, १९५३ होता, आणि वयस्कर दांपत्यांच्या दाखल्यांवर त्याचा उल्लेख आढळतो. तेवढ्यावरून तो दाखला निरुपयोगी ठरत नाही. १९९८ च्या अधिनियमानुसार विवाहानंतर नव्वद दिवसांच्या आत पती-पत्नीने तीन साक्षीदारांसह विवाह निबंधकासमोर उपस्थित राहून विहित नमुन्यातील ‘ज्ञापन’, म्हणजे विवाहाचा तपशील देणारे निवेदन, सादर करावयाचे असते. मुदत उलटल्यावरही शास्ती भरून नोंद करता येते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद आज होणे अशक्य नाही. निबंधकाचे काम ग्रामीण भागात ग्रामसेवक पाहतात, तर शहरांत नगरपालिका किंवा महानगरपालिका यांचे नेमलेले अधिकारी.

हा दाखला एकदा नीट वाचून पाहण्यासारखा आहे. त्यात पतीचे नाव, पत्नीचे नाव, विवाहाची तारीख आणि ठिकाण असते, आणि पुढे असे प्रमाणित केलेले असते की, या विवाहाची नोंद अमुक तारखेला, नोंदवहीच्या अमुक खंडात, अमुक अनुक्रमांकावर करण्यात आली आहे. म्हणजे एकाच कागदावर दोन तारखा असतात, एक लग्नाची आणि दुसरी नोंदीची. लग्न ज्या दिवशी लागले त्या दिवसापासूनच दोघे विवाहित असतात. नोंदीची तारीख कितीही पुढची असली तरी विवाहाचे आयुष्य तिच्यापासून मोजले जात नाही. विमा किंवा बँक यांच्या अर्जात ‘विवाहाचा दिनांक’ विचारला असता अनेकजण नोंदणीची तारीख लिहून मोकळे होतात आणि पुढे दोन कागदांतील विसंगतीचे स्पष्टीकरण देत बसतात.

या दाखल्याने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असून त्याच्या कलम ७ नुसार विवाह हा दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे चालत आलेल्या विधींनी लागावा लागतो. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. सप्तपदी प्रत्येकाला सक्तीची आहे असा समज चुकीचा आहे, कारण ज्या समाजाच्या रूढीत ती नाही त्या समाजात तिच्यावाचून लागलेले लग्नही विधिवत असते; परंतु कोणता तरी रूढ विधी झाला पाहिजे, एवढे मात्र कायद्याचे म्हणणे ठाम आहे. याच अधिनियमाचे कलम ८ नोंदणीची तरतूद करते आणि नोंद न झाल्याने विवाहाच्या वैधतेला बाधा येत नाही असेही स्पष्ट सांगते. याचा व्यत्यास लोकांच्या लक्षात येत नाही. नोंद नसल्याने लग्न मोडत नाही, तसेच नोंद असल्याने न लागलेले लग्न लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्व धर्मांच्या भारतीय नागरिकांच्या विवाहांची नोंदणी आपापल्या राज्यांत सक्तीची करावी असे निर्देश दिले, तेव्हाही हाच तोल सांभाळला होता: नोंदणी हा वैध विवाहाचा स्वयंपूर्ण पुरावा नव्हे, परंतु मुलांचा ताबा, त्यांचे हक्क, पती-पत्नीचे वय अशा प्रश्नांत तिचे पुराव्याच्या दृष्टीने मोठे मूल्य आहे, असे त्या निर्णयात म्हटले आहे. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात याची दुसरी बाजू दिसली. व्यवसायाने वैमानिक असलेल्या दोघांनी एका खासगी संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र घेतले होते, त्याच्या आधारे उत्तर प्रदेशात सरकारी नोंदणीही करून घेतली होती आणि प्रत्यक्ष सोहळा पुढच्या तारखेला करण्याचे ठरवले होते. सोहळा झालाच नाही, मतभेद मात्र झाले. विधीच झालेला नसल्याने हा हिंदू विवाह नव्हे, असे सांगून न्यायालयाने दोन्ही प्रमाणपत्रे शून्यवत ठरवली. व्हिसाच्या घाईसाठी ‘आधी कागद करून घेऊ, लग्न हिवाळ्यात’ असे ठरवणारी कुटुंबे महाराष्ट्रातही आहेत, आणि त्यांनी हा निर्णय लक्षात ठेवावा. घाई खरीच असेल तर तिच्यासाठी कायद्याने दुसरी सरळ वाट दिलेली आहे.

ती वाट म्हणजे विशेष विवाह अधिनियम, १९५४. सामान्य बोलण्यात याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण यात कोर्टाचा संबंध कोठेच येत नाही. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या अखत्यारीतील विवाह अधिकारी करतात. हा कायदा धर्म विचारत नाही, त्यामुळे आंतरधर्मीय जोडप्यांना तो आधार वाटतो, परंतु एकाच धर्मातील, एकाच जातीतील कोणाही दोघांना तो तितकाच खुला आहे. दोघांपैकी निदान एकजण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नियोजित विवाहाची नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते, आणि नोटीस देणारा त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल तर तिची प्रत त्याच्या कायम वास्तव्याच्या जिल्ह्यातील अधिकाऱ्याकडेही लावण्यासाठी जाते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीची नोटीस तिच्या गावाकडच्या जिल्ह्यात झळकते ती अशी. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांना हीच तरतूद सर्वांत जाचक वाटते आणि तिच्याविषयीचा वाद अनेक न्यायालयांत गेलेला आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोपवणारा निर्णय दिला होता, परंतु अधिनियमाचा मजकूर आजही बदललेला नाही.

तीस दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही तर विवाह करता येतो. हरकत कायद्यातील अटींच्या भंगाबाबतच असावी लागते, म्हणजे एखाद्याचा पूर्वीचा जोडीदार हयात असणे, वय अपुरे असणे, निषिद्ध नाते असणे इत्यादी. ‘मुलाचे घराणे पसंत नाही’ ही हरकत नव्हे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती नोटीस संपते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते, म्हणून मुहूर्त पाहणाऱ्यांनी पंचांगाबरोबर हीही मुदत पाहावी. ठरलेल्या दिवशी वर-वधू आणि तीन साक्षीदार घोषणापत्रावर सह्या करतात. विवाह पक्षकारांना हव्या त्या पद्धतीने लावता येतो, मात्र अधिकारी आणि साक्षीदार यांच्या समोर दोघांनी एकमेकांना कळेल अशा भाषेत, परस्परांचा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करीत असल्याचे शब्द उच्चारलेच पाहिजेत. त्यानंतर अधिकारी आपल्या प्रमाणपत्र-पुस्तकात प्रमाणपत्र लिहितो आणि त्यावर पुन्हा वधू-वरांच्या व तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात. कलम १३ नुसार हे प्रमाणपत्र म्हणजे विवाह या अधिनियमाखाली लागल्याचा ‘निर्णायक पुरावा’ असतो. निर्णायक पुरावा म्हणजे असा पुरावा, जो दाखवल्यावर त्या मुद्द्याविरुद्ध दुसरा पुरावा न्यायालय ऐकून घेत नाही. १९९८ च्या अधिनियमाखालील दाखल्याला हे बळ नाही; तेथे प्रसंग आलाच तर भटजी, विधीला हजर असलेले पाहुणे आणि छायाचित्रे यांच्या साक्षीने विधी सिद्ध करावे लागतात. अर्थात, विशेष विवाहातही एकाचा पूर्वीचा जोडीदार हयात असेल तर विवाह शून्यच राहतो. विवाह लागला होता याबद्दल मात्र वाद घालता येत नाही.

याच अधिनियमाच्या कलम १५ मध्ये एक फारशी परिचित नसलेली सोय आहे. दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने आधी लागलेला विवाह नंतर या अधिनियमाखाली नोंदवता येतो. त्यासाठी दोघे तेव्हापासून पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असले पाहिजेत, नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय एकवीस वर्षे पूर्ण असले पाहिजे आणि येथेही तीस दिवसांची सूचना प्रसिद्ध होते. अशी नोंद झाली की तो विवाह या अधिनियमाखालीच लागला असे मानले जाते. वरवर पाहता हा एक जास्तीचा कागद वाटतो, पण त्याने वारसाचा कायदा बदलू शकतो, आणि म्हणून तो घेण्यापूर्वी विचार करावा. कलम २१ नुसार अशा दांपत्याच्या व त्यांच्या मुलांच्या संपत्तीचा वारसा व्यक्तिगत धर्मकायद्याऐवजी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ठरतो. केरळमधील कासरगोड जिल्ह्यातील एका मुस्लिम दांपत्याने, ज्यांचा निकाह १९९४ मध्ये झाला होता, ८ मार्च २०२३ रोजी या अधिनियमाखाली पुन्हा आपला विवाह नोंदवला, तो केवळ आपल्या तीन मुलींनाच आपली संपूर्ण मालमत्ता मिळावी म्हणून. हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख व्यक्तीने या चार धर्मांबाहेरील जोडीदाराशी या अधिनियमाखाली लग्न केले तर कलम १९ नुसार ती व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते. परंतु दोघेही या चार धर्मांतीलच असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने घातलेले कलम २१-क या दोन्ही परिणामांपासून त्यांना वगळते, आणि त्यांना हिंदू उत्तराधिकाराचाच कायदा लागू राहतो. ‘रजिस्टर लग्न केले की वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा जातो’ ही गावोगावी ऐकू येणारी भीती त्यांच्या बाबतीत निराधार आहे.

महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी हिंदू विवाह आणि विशेष विवाह या दोन कायद्यांची फारकत जाणवते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी राज्यातील अनेक समाजांत जुनी आहे. हिंदू विवाह अधिनियमात हे नाते निषिद्ध नात्यांत मोडते खरे, पण पक्षकारांची रूढी त्याला अनुमती देत असेल तर विवाह वैध ठरतो. विशेष विवाह अधिनियमाच्या अनुसूचीतही आतेबहीण, मामेबहीण, चुलतबहीण व मावसबहीण ही नाती निषिद्ध म्हणून नावानिशी दिली आहेत, आणि तेथे रूढीची सवलत राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या रूढीपुरतीच आहे. म्हणून अशा नात्यातील वधू-वरांनी घरच्या रूढीच्या भरवशावर नोटीस देण्याआधी हे तपासून घ्यावे. त्यांच्यासाठी विधिवत लग्न आणि १९९८ च्या अधिनियमाखालील नोंद हाच सोयीचा मार्ग असतो.

धर्मसंस्थांकडून मिळणाऱ्या कागदांचे स्थान निरनिराळे आहे. निकाहनामा हा केवळ दाखला नसून कराराचा दस्त आहे, कारण मुस्लिम विवाह हा नागरी करार मानला जातो. त्यात मेहरची रक्कम, ती लगेच देय की पुढे, आणि साक्षीदारांची नावे नोंदलेली असल्यामुळे मेहरच्या दाव्यात त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही, आणि म्हणून मेहरची जागा कोरी ठेवून सही करू नये. निकाहनामा असला तरी १९९८ च्या अधिनियमाखाली वेगळी नोंद करून घेणे हिताचे असते, कारण सरकारी कार्यालये आणि वकिलाती तोच दाखला मागतात. ख्रिस्ती विवाह भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ नुसार चर्चच्या नोंदवहीत लिहिले जातात आणि तेथून मिळणारा उतारा हा कायद्याने मान्य पुरावा असतो. पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ नुसार धर्मगुरूने दोन पारशी साक्षीदारांसमक्ष ‘आशीर्वाद’ विधी केल्यावर लगेच प्रमाणपत्र करून ते निबंधकाकडे पाठवावयाचे असते.

गोव्यात मात्र सगळी मांडणीच निराळी आहे. पोर्तुगीज काळातील नागरी कायदा तेथे अजून चालू असल्यामुळे, इतरत्र नोंद ही लग्नाची साक्षीदार असते तशी ती गोव्यात नसते. तेथे ती लग्नाचे अंगच असते. वधू-वर प्रथम नागरी निबंधकाकडे विवाहाच्या इराद्याचे निवेदन करून सही करतात, त्याची प्रसिद्धी होते, आणि त्यानंतर दुसरी सही झाल्यावर विवाह कायद्याने पूर्ण होतो. देवळात किंवा हॉलमध्ये कितीही थाटात मंगलाष्टके झाली तरी दुसरी सही राहिली तर लग्न राहिले. सावंतवाडी, कुडाळ, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून गोव्याशी सोयरीक करणाऱ्या कुटुंबांना ‘पहिली सही, दुसरी सही’ ही भाषा ऐकून माहीत असते, तिचा अर्थ मात्र पुष्कळदा कळलेला नसतो. शिवाय तेथे विवाहपूर्व करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता साधारणतः सामाईक होते, आणि घर किंवा जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. म्हणून गोव्यातील विवाहाचा दाखला म्हणजे मालमत्तेच्या व्यवहाराचाही पाया असतो.

काही कागद दाखल्यासारखे दिसतात, पण दाखले नसतात. शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांक कागदावर ‘आम्ही स्वखुशीने लग्न केले आहे’ असे लिहून नोटरीकडून शिक्का मारून घेतलेले प्रतिज्ञापत्र हे त्यांतील सर्वांत फसवे. अशा कागदाने लग्न लागत नाही आणि नोंदही होत नाही. केंद्र सरकारच्या विधी व्यवहार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींनी विवाहाचे वा घटस्फोटाचे दस्त करून देऊ नयेत अशी ताकीदच दिली आहे. विवाह संस्था, मंगल कार्यालय किंवा सामूहिक विवाह सोहळ्याची समिती यांचे प्रमाणपत्र, आणि लग्नपत्रिकाही, एवढेच सांगते की सोहळा झाला. निबंधकाकडील अर्जाला जोडण्यासाठी ती उपयोगी आहेत, त्यापुढे नाही. आर्य समाजाच्या मंदिरात रीतसर विधीने लागलेले लग्न वैध असते, आणि त्यासाठी १९३७ चा स्वतंत्र कायदाही आहे, पण तेथील प्रमाणपत्राच्या जोडीला सरकारी नोंद असावीच.

आता उपयोगांकडे वळावे. विवाहित स्त्रीच्या आयुष्यात या दाखल्याचा पहिला उपयोग नावाचा असतो. महाराष्ट्रात लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची पद्धत आहे, त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव आणि बँकेतील नाव यांत केवळ पहिले नावच समान उरते. विवाहापूर्वीचे नाव नमूद असलेला दाखला या दोन नावांना जोडणारा पूल असतो. कायदा नाव बदलण्याची सक्ती करत नाही हेही येथेच सांगितले पाहिजे, आणि पदवी, नोकरी, सातबारा सर्व माहेरच्या नावाने असेल तर न बदलणे हेच व्यवहाराला सोपे पडते. बदललेच तर दाखल्याबरोबर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धीही जपून ठेवावी.

दुसरा मोठा उपयोग पतीच्या किंवा पत्नीच्या मृत्यूनंतर होतो. कुटुंब निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, वारस नोंद आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र या सर्वांत ‘वैध जोडीदार कोण’ हा पहिला प्रश्न असतो, आणि तेथे दाखला बहुतेक वेळा प्रश्न मिटवतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. हिंदू पुरुषाची पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेला दुसरा विवाह मुळातच शून्य असतो. दुसऱ्या पत्नीकडे महानगरपालिकेचा शिक्कामोर्तब झालेला दाखला असला आणि पहिलीकडे काहीच नसले, तरी विधवा म्हणून हक्क पहिलीचाच, कारण दाखला कायद्याने बंदी घातलेल्या लग्नाला जीव देऊ शकत नाही. त्या दुसऱ्या संबंधातील मुले मात्र हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ मुळे औरस मानली जातात आणि आई-वडिलांच्या संपत्तीत त्यांना हक्क असतो. म्हणून घटस्फोटिताशी किंवा विधुराशी लग्न करताना हुकूमनाम्याची किंवा मृत्यू दाखल्याची प्रमाणित प्रत समोर ठेवून मगच नोंदणीला जावे. हिंदू विवाह अधिनियमानुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर अपिलाची मुदत संपल्यावरच पुनर्विवाह करता येतो, आणि ही मुदत नव्वद दिवसांची आहे. मुस्लिम पुरुषांच्या बाबतीत व्यक्तिगत कायदा वेगळा असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्यांच्या एकाहून अधिक विवाहांची नोंद १९९८ च्या अधिनियमाखाली नाकारता येत नाही, असे म्हटले आहे.

फौजदारी बाजूनेही हा फरक महत्त्वाचा ठरतो. पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे, परंतु त्यासाठी दुसरे लग्न विधिवत लागल्याचे सिद्ध व्हावे लागते. १९६५ मध्ये महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात दुसरा विवाह ‘गांधर्व’ पद्धतीने झाल्याचे सांगितले गेले होते. आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्यामुळे शिक्षा रद्द झाली. उलट, पोटगीच्या अर्जात न्यायालये लग्नाच्या इतक्या काटेकोर पुराव्याचा आग्रह धरत नाहीत, आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ तर विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही संरक्षण देतो. ‘नोंद नाही, तेव्हा तुला काही मिळणार नाही’ असे ज्या स्त्रीला सांगितले जाते, तिला अर्धसत्य सांगितले जाते, आणि ते बहुधा जाणूनबुजून.

परदेशाशी संबंध आला की दाखल्याला आणखी एक पायरी चढावी लागते. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ च्या नियमबदलानंतर विवाह प्रमाणपत्राचा सरसकट आग्रह राहिलेला नाही, परंतु जोडीदाराच्या व्हिसासाठी परदेशी वकिलाती ते मागतातच, आणि पुष्कळदा ‘अपॉस्टिल’ करून मागतात. अपॉस्टिल म्हणजे सही-शिक्का खऱ्या सरकारी अधिकाऱ्याचाच आहे याची आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केलेली खूण. भारत २००५ पासून या १९६१ च्या हेग कराराचा सदस्य आहे. महाराष्ट्रातील दाखला साधारणतः आधी राज्याच्या गृह विभागाकडून साक्षांकित होतो आणि मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपॉस्टिलची चिकटपट्टी लावते. संयुक्त अरब अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशांसाठी तिच्याऐवजी मंत्रालयाचे व नंतर त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते. चिकटपट्टी आणि शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर लागत असल्यामुळे प्रेमापोटी लॅमिनेट करून ठेवलेला दाखला नेमका अशा वेळी नाकारला जातो. परदेशातच लग्न करणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी विदेशी विवाह अधिनियम, १९६९ असून त्याखाली भारतीय वकिलातीतील विवाह अधिकारी विवाह लावू शकतो किंवा तेथील स्थानिक कायद्याने लागलेला विवाह नोंदवू शकतो, अट एवढीच की दोघांपैकी निदान एकजण भारताचा नागरिक असावा.

या सर्व वाटा शेवटी अडतात त्या बहुधा एखाद्या अक्षरावर. वराच्या आधारपत्रावर वडिलांचे नाव पूर्ण, शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षर; वधूच्या नावातील ‘श्री’ एका कागदावर जोडून, दुसऱ्यावर तोडून; आडनावाचे रोमन स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे. निबंधक अर्जात लिहिलेले उतरवून घेतो, आणि एकदा नोंदवहीत गेलेली चूक दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा अर्ज, पुरावे आणि फेऱ्या लागतात. म्हणून अर्ज भरताना दोघांचे पासपोर्ट असल्यास त्यांतील स्पेलिंगच प्रमाण धरावे, साक्षीदार शक्यतो विधीला प्रत्यक्ष हजर असलेले व पुढे वीस वर्षांनी सापडू शकतील असे निवडावेत, आणि लग्नपत्रिका व विधीची चार-पाच छायाचित्रे दाखल्यासोबतच ठेवावीत. मूळ दाखला हरवला तरी नोंदवही निबंधकाकडे असते आणि तिच्यातील नोंदीची प्रमाणित प्रत मागता येते. त्यासाठी लागतात ते खंड आणि अनुक्रमांक हे दोन आकडे मात्र दाखल्याबाहेर कोठेतरी लिहून ठेवलेले असावेत. दाखला हाती पडेल त्याच दिवशी, कार्यालयाच्या पायऱ्या उतरण्यापूर्वी, वाचकांनी दोन्ही नावे, दोन्ही तारखा आणि अधिनियमाचे नाव एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. चूक आढळली तर ती दुरुस्त करून घेण्याची सर्वांत सोपी वेळ तीच असते.